वाचलेला तास कोणाचा?

दिनांक 10 ऑगस्ट 2025 रोजी बेंगळुरूच्या मेट्रो रेल्वेचा पिवळा मार्ग सुरू झाला. जयनगरच्या कडेला राष्ट्रीय विद्यालय रस्त्यावर जे स्थानक आहे, तेथून बोम्मसंद्रापर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे 19 किलोमीटर लांबीचा असून त्यावर 16 स्थानके आहेत. सिल्क बोर्डच्या चौकातील वाहनांची दाटी हा या शहरात कित्येक वर्षे विनोदाचा आणि वैतागाचा विषय होऊन बसला होता. आता त्या चौकाच्या माथ्यावरून गाडी निघून जाते, इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेऱ्यांपाशी थांबते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकास सुमारे पस्तीस मिनिटांत पोहोचते. जयनगरात घर आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी असा ज्यांचा संसार आहे, त्यांच्यापैकी कित्येकांचा यामुळे रोजचा तासभर वेळ वाचू लागला आहे.

हा वाचलेला तास कोणाचा, असा प्रश्न मी येथे विचारणार आहे. प्रश्न प्रथमदर्शनी बालिश वाटेल. ज्याचा वेळ वाचला त्याचाच तो तास, त्यात विचारावयाचे काय, असे वाचक म्हणतील. परंतु यंत्राने वाचविलेला वेळ आपोआप माणसाच्या पदरात पडतो असे इतिहास सांगत नाही. वेळेला धनी नेमावा लागतो. तो आपण नेमला नाही, तर दुसरा कोणीतरी स्वतःस नेमून घेतो.

जयनगरचेच उदाहरण घेऊ. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते 1948 मध्ये या वसाहतीची कोनशिला बसविली गेली आणि म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र यांच्या नावावरून तिचे नाव ठेवण्यात आले. स्वतंत्र भारतात आधी आखणी करून मग उभारलेल्या आरंभीच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक होय. क्रमांक दिलेले विभाग, रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, पायी जाता येईल इतक्या अंतरावर बाजार आणि उद्यान, असे तिचे स्वरूप आहे. अशा वसाहतीच्या आखणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की, घरातील मिळवते माणूस दिवे लागण्याच्या सुमारास घरी परत येईल, मुलांना घेऊन फिरावयास जाईल, शेजाऱ्याशी चार शब्द बोलेल. आज सायंकाळी येथील उद्यानांत पाहावे तर आजी-आजोबा दिसतात, लहान मुले दिसतात. पंचविशी ते पन्नाशीतील माणसे मात्र विरळा. उद्यान आहे तेथेच आहे, सायंकाळ मात्र दुसरीकडे गेली आहे.

ती कोठे जाते हे समजण्यासाठी थोडे मागे, आपल्या मुंबईत जावे लागेल. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा क्रम होता. रविवारच्या सुट्टीचाही नियम नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणीकामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्यास एक दिवस विश्रांती आणि दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी या त्यातील मुख्य मागण्या होत्या. सहा वर्षे चिकाटी धरल्यावर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा ही खचित सुखाची वस्तू. परंतु त्या दिव्यांनी कामगाराची सायंकाळ उजळली नाही, ती काढून घेतली. सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी होताच 1905 च्या सुमारास तेजीच्या दिवसांत काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. कामगारांत असंतोष पसरला, सरकारने चौकशी केली आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. तेथून 1922 मध्ये आठवड्याचे साठ तास, 1934 मध्ये चोपन्न आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडल्या गेलेल्या दुरुस्तीने 1946 मध्ये अठ्ठेचाळीस, अशी ही उतरण आहे. प्रत्येक पायरीमागे कोणाचा तरी घाम आहे.

गिरणीतील तो दिवा आज आपल्या घरात आला आहे. त्याचे नाव लॅपटॉप आणि मोबाईल. कचेरी बंद झाली तरी काम बंद होत नाही, कारण कचेरी खिशातच असते. अमेरिकेतील ग्राहकाचा दिवस सुरू होतो तेव्हा येथे रात्र पडलेली असते आणि स्वयंपाकघरात ताटे वाढली जात असताना आतल्या खोलीत बैठक चाललेली असते. पृथ्वी गोल असल्यामुळे अशी कामे कोणीतरी रात्री करावीच लागतील, हे मला मान्य आहे. परंतु जिने रात्री दोन तास दिले, तिला सकाळचे दोन तास परत मिळावयास हवेत. घेण्याचा हिशेब चोख आणि परत देण्याचा मात्र कोठेच नाही, ही व्यवहाराची रीत नव्हे.

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास सत्तर तास काम करावे असे मत मांडले. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांनी स्वतः त्याहून अधिक काम केले आहे आणि त्यांच्या कंपनीने हजारो मध्यमवर्गीय घरांत प्रथमच सुबत्ता आणली, हे कोण नाकारील? तथापि सत्तर हा आकडा वर दिलेल्या पायऱ्यांवर ठेवून पाहावा. 1922 च्या कायद्याने ठरविलेल्या साठ तासांच्याही तो वर जातो आणि आपण 1911 सालाच्या शेजारी जाऊन बसतो.

आता घराचा हिशेब मांडू. सत्तर तास म्हणजे सहा दिवसांत रोज अकरा तास चाळीस मिनिटे. त्यात जाण्यायेण्याचा दीड तास आणि झोपेचे सात तास मिळविले की चोवीसांतील चार तासही हाती उरत नाहीत. स्नान, जेवण, देवपूजा, वर्तमानपत्र यांतच ते संपतात. मग भाजी कोण आणणार, मुलाचा अभ्यास कोण घेणार, आजारी सासऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार? केंद्र सरकारने 2024 मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत याचे उत्तर आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामास दिवसास सरासरी 289 मिनिटे देतात असे त्या पाहणीत आढळले, पुरुषांपैकी जे घरकाम करतात ते 88 मिनिटे. म्हणजे एकाच्या सत्तर तासांखाली दुसऱ्या कोणाचे तरी न मोजलेले तास पायाच्या दगडासारखे गाडलेले असतात.

याची साक्ष खुद्द इन्फोसिसच्या कथेतच आहे. 1981 मध्ये पुण्यात ही कंपनी निघाली तेव्हा भांडवलाचे दहा हजार रुपये श्रीमती सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून काढून दिले. टेल्कोच्या कारखान्यातील पहिल्या महिला अभियंता असा मान मिळविलेल्या या बाईंनी पुढे कंपनीत पद घेतले नाही. पतिपत्नी दोघांनी एकाच कंपनीत असू नये असा पतीचा आग्रह होता आणि घर कोणीतरी सांभाळणे भाग होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांनी पुढे लेखनात आणि समाजकार्यात नाव कमावले, मार्च 2024 मध्ये त्यांची राज्यसभेवर नेमणूकही झाली. परंतु प्रत्येक घरातील अशा गृहिणीस नंतर राज्यसभा मिळत नाही. तिच्या वाट्यास बहुधा अर्धवट सोडलेली पदवी आणि कपाटातील प्रमाणपत्रेच येतात. जेथे दोघेही नोकरी करतात, तेथे हा भार आजीवर आणि मोलकरणीवर जातो. मोलकरणीचेही घर असते, तिचीही मुले असतात, हे आपण किती वेळा ध्यानात घेतो?

यावर एक आक्षेप येईल. आपला देश अजून गरीब आहे, जगाशी स्पर्धा आहे, अशा वेळी तास मोजीत बसणे परवडणारे नाही. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. देश उभारावयाचा म्हणजे केवळ माल उभारावयाचा नव्हे, त्यात माणसेही आली. आणि लोकशाही चालविणे हे देखील काम आहे व त्यासही वेळ लागतो.

येथे जयनगरचीच गोष्ट सांगतो. 10 मे 2023 रोजी कर्नाटक विधानसभेचे मतदान झाले. लोकांनी लागोपाठच्या सुट्ट्या घेऊन गावाबाहेर जाऊ नये, म्हणून निवडणूक आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला होता. तरी बेंगळुरू शहरात निम्म्याहून थोडेच अधिक मतदार केंद्रावर आले. 13 तारखेस जयनगरची मोजणी झाली, तीवर वाद झाला, पुन्हा मोजणी झाली आणि अखेर मध्यरात्रीच्या सुमारास निकाल लागला. भारतीय जनता पक्षाचे श्री. सी. के. राममूर्ती यांस 57,797 आणि काँग्रेस पक्षाच्या श्रीमती सौम्या रेड्डी यांस 57,781 मते मिळाली. अंतर अवघ्या सोळा मतांचे. कोणता पक्ष जिंकावयास हवा होता हा येथे प्रश्नच नाही. परंतु सोळा मते म्हणजे एका मजल्यावरील चार घरे. ज्या मतदारसंघात चार घरांनी आमदार ठरतो, तेथे हजारो सुशिक्षित माणसे 'वेळ नव्हता' म्हणून घरी राहतात, याचा अर्थ काय?

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण नागरिकपण एका दिवसात उरकत नाही. उमेदवार कोण, नळाला पाणी का येत नाही, झाडे कोणी तोडली, हे समजून घेण्यास रोजची सायंकाळ लागते. बेंगळुरू महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे हे मोठे शहर नगरसेवकांवाचून चालले आणि सप्टेंबर 2025 मध्ये एकीच्या पाच महानगरपालिका करण्यात आल्या. या साऱ्या काळात फारसा आवाज उठला नाही. आवाज उठविणारी पिढी बैठकीत गुंतली होती, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

कायद्याने काही करता येईल काय? 1 जानेवारी 2017 पासून फ्रान्समध्ये मोठ्या कंपन्यांनी कामाच्या वेळेबाहेरील दूरध्वनी व पत्रव्यवहाराविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी असा नियम आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनी अशाच आशयाचे खासगी विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडले. याच्या उलट, जुलै 2024 मध्ये कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान उद्योगातील दिवस चौदा तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव चर्चेत आला होता आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यास कसून विरोध केला. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आठ तासांचा दिवस हेच मूळ प्रमाण आहे, मात्र व्यवस्थापनाचे काम करणारे 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. संगणकापुढे बसणाऱ्या अभियंत्याला कोणत्या रकान्यात घालावयाचे, हा वाद अजून मिटावयाचा आहे. मला वाटते, अभियंत्यांनी स्वतःस कामगार म्हणवून घेण्याचा संकोच सोडावा. लोखंडे यांच्या अर्जावर सह्या करणारे लोक त्यांचे पूर्वजच होत.

तोवर घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. आपण किराणा मालाची यादी लिहितो, दुधाचा हिशेब ठेवतो. त्याचप्रमाणे एका आठवड्याच्या तासांचा हिशेब सर्वांनी मिळून कागदावर मांडावा. कोणाचे किती तास कचेरीस गेले, कोणाचे चुलीपाशी, कोणाचे रस्त्यावर, हे मुलांच्या देखत लिहावे. तो कागद पाहिल्यावर कोणाचे ओझे कोणी उचलावयाचे हे सांगावे लागणार नाही. रात्रीचे जेवण होईपर्यंत फोन दिवाणखान्यातील एका पेटीत राहावा आणि हा नियम मुलांआधी वडिलांनी पाळावा. महिन्यातून एक सायंकाळ गल्लीच्या, वॉर्डाच्या कामास द्यावी. वरिष्ठ पदावर असलेल्या वाचकांनी रात्री लिहिलेले पत्र सकाळी धाडावे. त्याला काही खर्च येत नाही, आणि कोणा कनिष्ठाच्या घरात त्या रात्री एक गोष्ट पुरी सांगून होते.

पिवळ्या मार्गाचा तास सार्वजनिक पैशाने विकत घेतलेला आहे. त्यात मोलकरणीने काडेपेटीवर भरलेला करही आहे. म्हणून तो तास कंपनीच्या खाती जमा होऊ देण्याचा आपल्यास अधिकार नाही, असे माझे मत आहे. तो घराचा आहे आणि त्यातील थोडा गावाचा.