मुरगूडचं व्हेंचर कॅपिटल

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून कोल्हापूरकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये एक डायलॉग हमखास ऐकू येतो. 'बास झालं बॉस, आता गावाकडं जाऊन स्वतःचं काहीतरी सुरू करायचं!' कुणाला मसाल्याचं युनिट टाकायचंय, कुणाला बेकरी, कुणाला लाकडी घाण्याचं तेल. आयडियांचा तुटवडा नाही. मग गाडी अडते कुठं? भांडवलावर. साताऱ्यापर्यंत 'फंडिंग कोण देणार?' हा प्रश्न येतो आणि कराड यायच्या आत सगळे झोपलेले असतात!

म्हणून आज जरा वेगळ्या फंडिंगविषयी. उदाहरणाला मुरगूड घेऊ. कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठावर, निपाणी-राधानगरी रस्त्यावरचं हे छोटंसं शहर. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास. नगरपालिका आहे, सर पिराजीराव तलाव आहे, कुस्तीचं वेड आहे आणि आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ आहे. टाय लावलेला इन्व्हेस्टर इथं चुकूनही फिरकत नाही. तरी दुकानं उघडतात, गिरण्या फिरतात, गॅरेज चालतात. कशी?

दहा दिवसांचा फंडा

पहिलं उत्तर दुधात आहे. 'गोकुळ' म्हणजे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. स्थापना १९६३ ची. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं आणि दर दहा दिवसांनी बिल घ्यायचं, ही जिल्ह्याची जुनी पद्धत. तुमचा पगार महिन्यातून एकदा होतो, गावच्या म्हशीचा तीनदा! किराणावाल्याची उधारी, पोराची फी, पशुखाद्याचं पोतं, सगळं या बिलावर फिरतं. जोडीला ऊसबिल. एका बाजूला बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा कारखाना, दुसऱ्या बाजूला हमिदवाड्याचा सदाशिवराव मंडलिक कारखाना. ऊसबिल जमा झालं की टीव्ही, फ्रिज आणि मोटरसायकलीच्या दुकानांत गर्दी दिसलीच म्हणून समजा.

म्हणजे छोट्या व्यापाऱ्याला सगळ्यात मोठा आधार कर्जाचा नाही, गिऱ्हाइकाच्या हातात ठरल्या दिवशी येणाऱ्या पैशाचा आहे. हे गणित या मातीत जुनं आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती दिल्या, आणि गुळाला हक्काचा बाजार मिळाला. आधी बाजार, मग बाकीचं. आजच्या कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये यापेक्षा वेगळं काय शिकवतात?

रोजचे पन्नास रुपये

दुसरं उत्तर पतसंस्थेत. संध्याकाळी पेठेत पिग्मी एजंट फिरतो. चहाच्या गाड्यावर पन्नास, टेलरकडं शंभर, हार्डवेअरवाल्याकडं पाचशे. ही आयडिया मूळची कर्नाटकातली. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली तेव्हा अगदी दोन आणेसुद्धा चालायचे. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र आपल्याकडं ठणठणीत आहे.

आता यातली गंमत बघा. चहावाल्याकडं ना इन्कम टॅक्स रिटर्न, ना सॅलरी स्लिप. मोठ्या बँकेच्या कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. पण एजंटला माहीत असतं की वर्षभरात त्याचा एकही दिवस चुकला नाही, आणि पावसाळ्यात रक्कम थोडी कमी झाली एवढंच. ही त्याची बॅलन्स शीट! उद्या त्याला दुसरा गाडा टाकायचा असेल तर पतसंस्था याच वहीवर कर्जाचा विचार करते. जर्मनीत रायफायझेनने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला गावकऱ्यांची कर्जसंस्था काढली तीही याच तत्त्वावर. जो माणूस रोज समोर दिसतो, त्याची पत त्याच्या शेजाऱ्यांइतकी कुणालाच कळत नाही.

फूटपाथवरच्या विक्रेत्यासाठी नगरपालिकाही कामाला येते. जून २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेत विक्रेत्याचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र स्थानिक पालिकेकडूनच मिळतं. सुरुवातीला पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. २०२५ मध्ये ते पंधरा हजार झालं आणि पुढचे टप्पे पंचवीस आणि पन्नास हजारांचे. तारण नाही, आणि वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत. तुमच्या एका वीकेंडच्या बिलात बसेल एवढी रक्कम. पण तेवढ्यात भाजीवाल्या मावशींचा सावकार सुटू शकतो.

मुरगूड की यमगे?

आता तुमच्या मसाल्याच्या युनिटकडं येऊ. इथं पत्ता बदलला की पैसे बदलतात, राव! पीएमईजीपी ही केंद्राची योजना २००८ ची. जिल्हा उद्योग केंद्र, खादी आयोग आणि खादी मंडळ ती राबवतात. सबसिडी शहरी भागात कमी, ग्रामीण भागात जास्त. मूळ नियमात वीस हजारांपर्यंत लोकवस्तीचं शहरही 'ग्रामीण' धरलं जायचं. म्हणजे मुरगूड त्यात बसायचं. २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यासाठी २०२२ मध्ये नियम सुधारले आणि पालिकेची हद्द म्हणजे शहर असं ठरलं.

हिशेब करा. प्रोजेक्ट दहा लाखांचा. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाने मुरगूड पालिका हद्दीत युनिट टाकलं तर या नियमांनुसार सबसिडी पंधरा टक्के, म्हणजे दीड लाख. तेच शेजारच्या यमग्यात किंवा चिमगावात, ग्रामपंचायत हद्दीत टाकलं तर पंचवीस टक्के, अडीच लाख. आणि अर्ज बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल, धंदा खरोखर तीच चालवणार असेल, तर ग्रामीण भागात पस्तीस टक्के. साडेतीन लाख! तिला स्वतःचे पैसेही दहाऐवजी पाचच टक्के घालावे लागतात. अर्ज करायच्या दिवशी नियम काय आहे ते मात्र जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर प्रोजेक्ट उभे राहत नाहीत.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाका. सबसिडी रोख हातात पडत नाही. ती तीन वर्षं बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने ठेव म्हणून राहते आणि युनिट चालू असेल तरच कर्जातून वळती होते. नुसतं मशीन आणून फोटो काढणाऱ्याला इथं काही मिळत नाही. एका अर्थी बरंच आहे ते!

जामीनदार नावाचा बळीचा बकरा

हे सगळं वाचून लगेच राजीनामा टाइप करायला घेऊ नका. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेला ओळखीचाच रोग होतो. जो संचालकाच्या जवळचा, त्याची फाइल वर. जो विरोधी गटाचा, त्याच्या कागदात त्रुटी. कोल्हापूर जिल्ह्यात सहकार आणि राजकारण वेगळं काढायला गेलात तर हातात काहीच उरत नाही.

दुसरा धोका सहीचा. 'अरे, फॉर्मॅलिटी आहे, सही कर' असं म्हणत मित्र जामीन मागतो. ती फॉर्मॅलिटी नसते. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि संस्थेला नोकरीवाला जामीनदार जास्त सोपा वाटतो, कारण पगार कुठं पळून जात नाही. दोस्तीत धंद्याचा प्लॅन बघायला मागणं हा अपमान नाही. तो बघा, मग सही करा.

तिसरी गोष्ट आई-बाबांच्या ठेवीची. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला हे कवच नाही, आणि ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीही येत नाही. व्याज एखाद-दीड टक्का जास्त मिळतं ते उगाच नाही. म्हणून पतसंस्थेत ठेवूच नये का? तसंही नाही. सगळ्यांनी पैसे काढून घेतले तर चहावाल्याचा दुसरा गाडा कुठून यायचा? पण निवृत्तीची सगळी पुंजी एकाच खिडकीत नको, एवढं तरी घरी सांगाच.

तुम्ही मालक आहात!

आता खरा मुद्दा. एंजल इन्व्हेस्टरच्या कंपनीत तुम्हाला कुणी विचारत नाही. पण गावच्या दूध संस्थेत, कारखान्यात, पतसंस्थेत तुमच्या घरात कुणाचा ना कुणाचा शेअर असतो. तुमच्या नावावर आजोबांनी केलेलाही असेल. दरवर्षी सप्टेंबर संपायच्या आत सर्वसाधारण सभा होते. छापील अहवाल घरी येतो आणि सरळ रद्दीत जातो.

या वर्षी तो रद्दीत जाऊ देऊ नका. तीन गोष्टी बघा: ऑडिट वर्ग 'अ' आहे की घसरलाय, थकबाकी किती, आणि कर्ज कुणाला जातंय, मोजक्या दहा-बारा जणांना की पेठेतल्या दोनशे दुकानदारांना. म्युच्युअल फंडाचं फॅक्टशीट वाचणाऱ्याला हे काही अवघड नाही. मग एक दिवस सुट्टी टाका, सभेला जा आणि उभं राहून एक प्रश्न विचारा. सभा चहा-बिस्किटावर आणि 'मंजूर, मंजूर'वर पाच मिनिटांत उरकते, कारण प्रश्न विचारणारी पोरं पुण्या-मुंबईला असतात.

गावाकडं परत जायचं की नाही, हे निवांत ठरवा. पण ज्या दिवशी जाल त्या दिवशी कर्ज देणारी संस्था धड उभी असायला हवी ना? तिची काळजी इथं बसूनही घेता येते. अहवाल कुठं ठेवलाय ते आज रात्री घरी फोन करून विचारा.