चेन कुरकुरतेय, ऐकताय ना?

डिसेंबरची सकाळ. सेवाग्राम रोडवर धुकं, बोटं गारठलेली, लेक्चरची घाई आणि पेडल मारलं की खालून ‘करर करर’. आपण म्हणतो, चालतेय ना, चालू दे! गेल्या हिवाळ्यात मीही तेच म्हणत होते. मग एका चौकात उभं राहून पेडलवर जोर दिला, चेन सटकली आणि गुडघा थेट डांबरावर. मागून कापसाची गाडी येत होती. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक मारला, म्हणून हे लिहितेय.

आपण म्हणतो चेन ‘ताणली’, पण खरं तर ती झिजते. रात्री अंगणात सायकलवर दव पडतं, दिवसा धूळ बसते. जुन्या तेलात मिसळून ही धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. पिना झिजतात आणि चेन लांब होते.

स्टीलच्या टेपनं मोजा. एका पिनेच्या मध्यापासून 12 इंचांवर नव्या चेनमध्ये बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो दीड मिलिमीटर पुढे गेला, तर चेन बदला. आणखी थांबलात तर फ्रीव्हीलचे दातही जातात आणि खर्च वाढतो.

तेलाआधी कोरड्या फडक्यानं चेन पुसा. मग मशीनचं तेल थेंब थेंब टाका, जास्तीचं पुसून घ्या. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं!

कॉलेजच्या सायकल स्टँडवर एक फडकं, तेलाची बाटली आणि टेप ठेवायला असा किती खर्च येतो? मागूया की! तोवर दर रविवारी पाच मिनिटं चेनला द्या.