बालवाडीच्या दारांत

गेल्या आठवड्यांत नातवास आणावयास आम्ही बालवाडींत गेलों. बाई नम्रपणें म्हणाल्या, "आजोबा, यादींत आपलें नांव नाहीं. बाळाच्या आईंना विचारतें." पस्तीस वर्षें मुलांत घालविलेल्या आम्हांस क्षणभर राग आला, हें कबूल करतों.

घरीं येऊन कायदा काढला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचें कलम १९ असें कीं, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचें किंवा होण्याचा संभव असल्याचें ज्यास कळेल, त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. हाताखालच्या माणसाचें कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. २०२० च्या नियमांनीं पाळणाघरांसही प्रत्येक नोकराची पोलिसांकडून पडताळणी वेळोवेळीं करणें भाग पाडलें. नेणाऱ्यांची यादी कायद्यांत नाहीं; पण ज्यांच्या शिरावर एवढा भार, ते असे नियम करणारच.

आमच्या एकत्र कुटुंबांत 'घरचाच माणूस' म्हटलें कीं चौकशी संपते. पोर कांहीं सांगूं लागलें तर वडीलधारे त्यास गप्प करतात. कारण काय, तर अब्रू! कायदा मात्र आप्ताच्या गुन्ह्यास अधिकच कठोर मानतो. अब्रूचीच चिंता असेल त्यांनीं कलम २३ वाचावें: बालकाचें नांव, पत्ता, शाळा वृत्तपत्रांत देण्यास तेथें मनाई आहे.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं अर्जावर सही केली, आम्हीं छायाचित्र चिकटविलें. आमच्या धाकट्या बंधूंचें नांव घालावयाचें कीं नाहीं, तें त्यांनीं अद्याप ठरविलेलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं.