जपानची ‘सुगी’ आणि जिभेखालची गोळी

सुगी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धान्याने भरलेली खळी उभी राहतात. जपानी भाषेत मात्र ‘सुगी’ हे देवदारासारख्या एका सरळसोट वृक्षाचे नाव आहे, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ते उच्चारताच तेथील माणसाचा हात रुमालाकडे जातो. त्याचे पराग वाऱ्यावर सुटले की शिंका, वाहते नाक आणि डोळ्यांची आग सुरू होते. नाक-कान-घसातज्ज्ञ व त्यांचे कुटुंबीय यांच्या २०१९ मधील देशव्यापी पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना हा विकार असल्याचे आढळले.

हा निसर्गाचा कोप नव्हे. महायुद्धात आणि त्यानंतर तोडीने बोडके झालेले डोंगर सरकारी उत्तेजनाने सुगीच्या रोपांनी झाकण्यात आले. घरांना लाकूड मिळावे, पुराला आळा बसावा, हा हेतू वाईट नव्हता. परंतु १९६४ साली लाकडाची आयात पूर्णपणे खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडू लागले आणि तोडण्यासाठी लावलेली झाडे उभीच राहिली. या विकारावरील पहिला वैद्यकीय लेखही १९६४ मधलाच, हा योगायोग. आज सुमारे ४४ लाख हेक्टरांवर सुगीची लागवड आहे.

नेहमीची औषधे शिंक थांबवितात, शरीराचा कल बदलत नाहीत. परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून शरीराला त्याची सवय लावता येते, हे लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनमधील प्रयोगांनी दाखविले. सुईऐवजी तोच अर्क जिभेखाली देण्याची सोय जपानच्या आरोग्य विम्यात २०१४ पासून झाली. प्रथम थेंब, पुढे गोळी. तीव्र प्रतिक्रियेचा क्वचित संभवणारा धोका असल्याने पहिली मात्रा डॉक्टरांच्या देखत घ्यावयाची, परागांच्या मोसमात आरंभ करावयाचा नाही, आणि नंतर रोज एकदा, तीन ते पाच वर्षे. पुष्कळांचा त्रास उणावतो, काहींचा जवळजवळ संपतो, काहींना मात्र गुण येत नाही. उपचार खरा आहे, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेचा. २०२३ मध्ये किशिदा सरकारने जाहीर केलेल्या आराखड्यात सुगीची बने दहा वर्षांत २० टक्क्यांनी घटवावयाची आणि पराग तीस वर्षांत निम्मे करावयाचे, असे ठरले. जिभेखालच्या औषधाचे उत्पादन अडीच लाख लोकांपुरते होते, ते पाच वर्षांत दहा लाखांपुरते करावयाचे आहे. पाहणीचे प्रमाण साऱ्या देशाला लावले तर रुग्ण चार कोटींहून अधिक भरतात. म्हणजे चाळिसांतल्या एकालाही गोळी धड पुरणार नाही. शिवाय सामान्यतः खर्चाचा तीस टक्के वाटा रुग्णाच्याच खिशातून जातो. धोरण चुकले शासनाचे, आणि पाच-पाच वर्षे नेमाने पथ्य पाळावयाचे ते कारकुनाने व शाळकरी पोराने! आज शाळेत शिंकणारा मुलगा पराग निम्मे होईतो चाळिशीत पोहोचलेला असेल.

तेव्हा खरी कसोटी दवाखान्यात नसून डोंगरावर आहे. तोड वाढवून कमी पराग देणारी रोपे लावावयाची तर त्यासाठी हात हवेत. जपानमध्ये १९८० साली सुमारे १ लाख ४६ हजार वनकामगार होते. २०२० साली ते ४४ हजार उरले होते.