हरवलेले विमान आणि उचंत खाते

एवढे मोठे विमान हरवतेच कसे? मलेशियाच्या त्या विमानाचा विषय निघाला की हा प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. शाळेतली मुले विचारतात, पाळी संपवून आलेले कामगार बंधू विचारतात, बचत गटाच्या बैठकीला आलेल्या भगिनीही विचारतात. विचारणारा उत्तरासाठी मात्र थांबत नाही. पळवले, पाडले, कुठल्या तरी बेटावर लपवले, असे काहीतरी तोच सांगून मोकळा होतो. म्हणून वाचकहो, या वेळच्या सदरात आम्ही हाच विषय घेतला आहे. विमानाचे नेमके काय झाले ते आम्ही सांगणार नाही. वर्षानुवर्षे शोध घेणाऱ्या तज्ज्ञांनाही ते सांगता आलेले नाही. परंतु तर्क कसा करावा आणि तो कुठे थांबवावा, हे त्या विमानाच्या हकिकतीतून शिकण्यासारखे आहे.

हकिकत थोडक्यात अशी. ८ मार्च २०१४ रोजी, मध्यरात्र उलटून पाऊण तास होत आला असताना, मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान क्वालालंपूरहून चीनच्या बीजिंग शहराकडे निघाले. विमान बोइंग ७७७ जातीचे. आत २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, म्हणजे एकूण २३९ जीव. निम्म्याहून अधिक प्रवासी चिनी होते. पाच भारतीय होते आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसेही होती. १ वाजून १९ मिनिटांनी विमानातून ‘गुड नाइट’ असा मलेशियाच्या नियंत्रण कक्षाला निरोप आला. पुढे व्हिएतनामच्या कक्षाशी बोलायचे होते. दोनच मिनिटांत विमान पडद्यावरून दिसेनासे झाले.

आता ‘दिसेनासे होणे’ म्हणजे काय ते पाहू. रडार दोन तऱ्हेचे असते. एका तऱ्हेत जमिनीवरून हाक जाते आणि विमानातले ट्रान्सपाँडर नावाचे यंत्र तिला ओ देते. आपण कोण, किती उंचीवर आहोत, हे ते सांगते. ते यंत्र बंद पडले किंवा कुणी बंद केले की नेहमीच्या पडद्यावरून विमान नाहीसे होते. दुसऱ्या तऱ्हेत, भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा तशी लहर विमानावर आपटून परत येते. तिथे ओ देण्याची गरज नसते. लष्कराच्या अशा रडारवर ते विमान दिसले होते. ते मागे वळले, मलायाची भूमी ओलांडून पेनांग बेटाजवळून गेले आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून वायव्येला निघाले. २ वाजून २२ मिनिटांनी तिथूनही ते नाहीसे झाले. कारण जमिनीवरच्या रडारची नजर काहीशे किलोमीटरच पोहोचते. भर समुद्रावर तिचा उपयोग नाही.

त्या रात्री जमिनीवर काय चालले होते, तेही ऐकण्यासारखे आहे. विमान आपल्याकडे आलेच नाही, म्हणून वीसेक मिनिटांनी व्हिएतनामच्या कक्षाने मलेशियाकडे चौकशी केली. काही वेळाने विमान कंपनीच्या कचेरीतून कळवण्यात आले की विमान कंबोडियाच्या हद्दीत आहे. सगळ्यांना हायसे वाटले. पुढे पहाटे साडेतीनच्या सुमारास खुलासा झाला की पडद्यावर दिसणारी ती जागा खरी नव्हती. ठरलेल्या वेळापत्रकावरून यंत्राने काढलेला तो अंदाज होता. शोध आणि सुटकेची यंत्रणा जागी करायला साडेपाच वाजले. म्हणजे शेवटच्या निरोपाला चार तास उलटून गेले होते. आमच्यासारख्या कारकुनी पेशातल्या माणसाला हे वाचून धस्स होते. एका कचेरीतला अंदाज दुसऱ्या कचेरीत नोंद म्हणून लिहिला गेला आणि हातातले तास निसटले.

मग सुरू झाले जगाचे अंदाज. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधायला बसला. खुद्द मलेशियातल्या लोकांनीच त्याची टर उडवली. पण हसण्याआधी हेही पाहा की अमेरिकेतल्या एका नामांकित वृत्तवाहिनीवर, विमान कृष्णविवराने गिळले असेल काय, याचीही विचारणा झाली. एकाच्या हातात नारळ होता, दुसऱ्याच्या हातात माईक. पुरावा दोघांकडेही नव्हता.

ह्याहून वाईट गोष्ट दोन इराणी तरुणांची. ते चोरलेल्या पासपोर्टवर प्रवास करत होते हे कळताच जगभर त्यांच्यावर दहशतवादाचा संशय गेला. तीन-चार दिवसांत पोलिसांनी आणि इंटरपोलने सांगितले की ते आसऱ्यासाठी युरोपात निघाले असावेत, दहशतवादाशी त्यांचा संबंध दिसत नाही. त्यांतला एक तर विशीही न गाठलेला, आणि त्याची आई जर्मनीत त्याची वाट पाहत होती. काही हरवले की पहिला संशय परक्यावर आणि गरिबावर जातो, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

ह्या गदारोळात खरा धागा एका उपग्रहाने दिला. विमानात उपग्रहाशी जोडलेले एक यंत्र होते. आपला मोबाइल कुणाशी बोलत नसला तरी टॉवरला आपण चालू असल्याचे कळवत असतो, तसे ते साधारण तासातासाने ‘आहे’ म्हणून कळवत होते. पहिली खूण २ वाजून २५ मिनिटांची, शेवटची सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची. म्हणजे विमान उडाल्यापासून सात तासांहून अधिक काळ हवेत होते. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होते ते कळते. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो आणि दूर जाताना उतरतो, तोच नियम लावून विमानाची दिशा काढता आली. उत्तर निघाले : दक्षिण हिंदी महासागर, जिथे उतरायला जमीन नाही. २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी तसे जाहीर केले. पुढे २९ जुलै २०१५ रोजी आफ्रिकेकडच्या रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग वाहून आला आणि तो त्याच विमानाचा ठरला. नंतर मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस वगैरे किनाऱ्यांवरही तुकडे सापडले.

आता कारणांकडे वळू. जे तर्क जाणत्यांनी केले ते हवेतले नव्हते. प्रत्येकाला मागचा दाखला आहे. विमानात आग लागते : १९९८ साली स्विसएअरचे विमान कॅनडाजवळ असेच पडले आणि २२९ माणसे गेली. विमानातला हवेचा दाब जाऊन सगळे बेशुद्ध होतात : २००५ साली ग्रीसमध्ये हेलिओस कंपनीचे विमान चालकाविना उडत राहून शेवटी डोंगरावर आदळले आणि १२१ जण गेले. कुणी विमान पाडते : १९८३ साली कोरियाचे विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, त्यात २६९ बळी गेले. कुणी आतूनच घात करते : २०१५ साली जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने दार आतून लावून विमान आल्प्स पर्वतावर नेले आणि १५० माणसे मेली.

हे चारही तर्क एमएच ३७० ला लावून पाहा. पाडले म्हणावे, तर त्यानंतरही ते सकाळपर्यंत उडत कसे होते? आग म्हणावी, तर संपर्काची यंत्रे निकामी करणाऱ्या आगीने विमान मात्र सात तास कसे शाबूत ठेवले? सगळे बेशुद्ध झाले म्हणावे, तर ते मागचे वळण कुणी घेतले? चौकशी अहवालानुसार ते वळण यंत्रबिघाडाने झाले असे दिसत नाही, हाताने घेतलेले असावे. मग वैमानिकाचा घात म्हणावा काय? त्याच्या घरच्या सरावयंत्रात दक्षिण महासागराकडे जाणारे काही बिंदू सापडले, हे खरे. पण पोलिसांच्या तपासणीत खेळातल्या सरावापलीकडे काही आढळले नाही. त्याच्या वागण्यात, पैशाच्या व्यवहारात, प्रकृतीतही संशयास्पद काही मिळाले नाही. ३० जुलै २०१८ च्या अहवालाने सांगितले की तिसऱ्या कुणाचा हात असण्याची शक्यता सोडून देता येत नाही, पण विमान नाहीसे होण्याचे खरे कारण ठरवता येत नाही.

पुष्कळांना हा अहवाल म्हणजे हात झटकणे वाटले. नातेवाइकांचा संताप समजू शकतो. हवाई नियंत्रणातल्या चुका त्यात आल्याने तिथल्या खात्याच्या प्रमुखांनी राजीनामाही दिला. पण ‘कारण ठरवता येत नाही’ ह्या एका वाक्याबद्दल आमचे मत वेगळे आहे. हिशेब लिहिणाऱ्यांना उचंत खाते माहीत असते. तेरीज काढली आणि नावे-जमेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत, तर फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात ठेवतात. ती दडवायची नसते आणि जुळवाजुळव करण्यासाठी कुणा भलत्याच्या नावेही टाकायची नसते. पावती सापडेपर्यंत ती तिथेच उघडी राहते. वैमानिकाच्या नावे २३८ माणसांचा मृत्यू लिहायचा असेल, तर पावती हवी. त्यालाही घरदार होते, आणि त्याच्या मुलाबाळांना ते नाव घेऊनच जगायचे आहे.

उचंत खात्यातली रक्कम कधीतरी सुटते, ह्याचाही दाखला आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान रिओ दि जानेरोहून पॅरिसला जाताना अटलांटिक महासागरावर नाहीसे झाले. २२८ माणसे होती. तेव्हाही वीज पडली, बाँब फुटला, असे बोलले गेले. काही दिवसांत तरंगते अवशेष मिळाले, पण कारण कळेना. शोध सोडला नाही. २०११ साली सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळाशी सांगाडा सापडला, नोंदपेट्या वर काढल्या, आणि कारण उलगडले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, आकडे चुकले, स्वयंचलित चालन सुटले. गोंधळलेल्या सहवैमानिकाने विमानाचे नाक वर ओढून धरले आणि विमान हवेचा आधार गमावून साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात पडले. वीजही नव्हती, बाँबही नव्हता. दोन वर्षे रंगवलेल्या गोष्टी एका पेटीने पुसल्या.

एमएच ३७० ची पेटी मात्र मिळाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासला. म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा भाग. जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबला. २०१८ साली ओशन इन्फिनिटी ह्या खाजगी कंपनीने, सापडले तरच पैसे घेऊ, ह्या बोलीवर जवळपास तितकाच तळ पाहिला. २०२५ साली मलेशिया सरकारने त्याच बोलीवर पुन्हा करार केला. दरम्यान नियमही बदलले. समुद्रावरच्या विमानाचा ठावठिकाणा दर पंधरा मिनिटांनी कळलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक नोव्हेंबर २०१८ पासून आला. पाण्यात पडलेल्या पेटीचा आवाज पूर्वी ३० दिवस चाले, तो ९० दिवस चालावा असे ठरले. हे काम तर्काने झाले नाही. आपल्याला काय ठाऊक नव्हते, याची प्रामाणिक यादी केली म्हणून झाले.

आता घरातली गोष्ट. विमानाच्या बाबतीत जे जगाने केले, ते आपल्या वस्तीत माणूस बेपत्ता झाला की आपणही करतो. लोकांचे अर्ज लिहून देताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. नवरा कामावर गेला तो परतला नाही, की नळावर चर्चा सुरू होते : कर्ज झाले होते, दुसरे घर केले, बायकोशीच पटत नव्हते. दोन दिवसांत तिच्याच अंगावर बोट येते. अशा घरी दुःखाच्या जोडीला कागदाचा प्रश्नही उभा असतो. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून फंड अडतो, पेन्शन अडते. मलेशिया सरकारने २९ जानेवारी २०१५ रोजी तो अपघात असल्याचे आणि सर्व २३९ जण मृत मानल्याचे जाहीर केले, ते भरपाईचा मार्ग खुला व्हावा म्हणून. कित्येक नातेवाइकांनी मात्र ते मानले नाही. आपल्याकडे कायदा असा आहे की ज्यांना खबर मिळायला हवी त्यांना सात वर्षे काहीच खबर मिळाली नाही, तर ती व्यक्ती मृत असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे.

पण ही सात वर्षे मोजायची कुठून? त्यासाठी पहिल्या दिवसाची नोंद लागते. म्हणून असा प्रसंग शेजारी आला, तर त्या भगिनीच्या दारात आपला अंदाज घेऊन जाऊ नका. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, हरवल्याची तक्रार लिहून घ्यायला लावा, तिची शिक्क्याची प्रत मागा आणि ती ट्रंकेत जपून ठेवायला सांगा.