कालखंड कुणाचे?



इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलींना एक तक्ता पाठ करावाच लागतो. जुने इंग्रजी, मध्ययुग, प्रबोधन, पुनःस्थापना, अठरावे शतक, रोमँटिक, व्हिक्टोरियन, आधुनिक. प्रत्येक कप्प्याला सुरुवातीचे साल, शेवटचे साल आणि चार-पाच थोर पुरुषांची नावे. दोन कालखंड तर चक्क राण्यांच्या नावाने ओळखले जातात. मात्र एलिझाबेथच्या कप्प्यात लिहिणारी बाई शोधावी लागते.

शेकडो वर्षांचे लेखन शिकवायचे तर कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला मान्य आहे. पण ती कुठे मारायची आणि कुणी, हा प्रश्न सत्तेचा आहे. १०६६ म्हणजे नॉर्मनांचा विजय. १६६० म्हणजे राजा परत गादीवर. १८३२ म्हणजे संसदेच्या सुधारणेचा कायदा. ज्या कायद्याने मतदार 'पुरुष'च असेल हे प्रथमच शब्दांत लिहून ठेवले! अशा सालांवरून साहित्याची विभागणी झाली, तर बाईचे लेखन कडेला पडणारच.

१९७७ साली जोन केली या इतिहासकार बाईंनी सरळ विचारले, प्रबोधन स्त्रियांच्या वाट्याला आले का? इटलीतील वरच्या वर्गातील स्त्रियांचे स्वातंत्र्य त्या काळात वाढले नाही, उलट आक्रसले, असे त्यांनी दाखवले. इंग्लंडात शेक्सपिअरच्या नायिकाही मुलगेच रंगवीत. व्यावसायिक रंगभूमीवर बाई उभी राहिली ती १६६० मध्ये. दहा वर्षांत, १६७० साली, अ‍ॅफ्रा बेनचे पहिले नाटक आले आणि ती लेखणीवर पोट भरू लागली. म्हणजे १६६० ही आपलीही रेघ आहे, पण राजा आला म्हणून नव्हे.

रोमँटिक कालखंडाचेही तेच. तो पुष्कळदा १७९८ मध्ये वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांच्या संग्रहापासून सुरू झाला असे शिकवतात. शार्लट स्मिथची सुनीते त्याच्या चौदा वर्षे आधीची, १७८४ची. नवरा कर्जापायी तुरुंगात, पदरी मुले, म्हणून तिने ती छापली. वर्डस्वर्थनेही तिचे ऋण मानले. तक्त्याने मानले नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती मार्जरी केम्प. लिन गावची बाई, चौदा बाळंतपणे झालेली, बिअर गाळण्याचा धंदा बुडालेली. स्वतः लिहीत नव्हती. १४३०च्या दशकात तिने आपले आयुष्य सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतले. इंग्रजीतले पहिले आत्मचरित्र म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. पण त्याचे संपूर्ण हस्तलिखित सापडले १९३४ मध्ये! पाचशे वर्षे मध्ययुगाचा कप्पा तिच्याविना 'पूर्ण' होता.

एलेन शोवॉल्टर यांनी, पुन्हा १९७७ मध्येच, वेगळा तक्ता मांडला. पुरुषी नावाने लिहिण्याचा, पुरुषी मापात बसण्याचा काळ, मग निषेधाचा, मग स्वतःच्या शोधाचा. या रेघांवरही वाद झाले आणि व्हायला हवेत. बाईच्या अनुभवावरूनही काळ मोजता येतो, हे मात्र सिद्ध झाले.

हे सगळे विलायतेतले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. १८८२ साली इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा झाला. त्याच साली ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' निघाले. ते पुन्हा लोकांसमोर आले १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांच्यामुळे. मधली ९३ वर्षे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे काही अडले नाही.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या गटाची पत्रके, बैठकांची टिपणे, गाणी जपून ठेवा. त्यांवर तारीख घाला, लिहिणारीचे नाव घाला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी बसून त्यांचे सांगणे उतरवून घ्या. आणि गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना सांगा, तक्ता पाठ करा, परीक्षेला लागतो. पण वर्गात हात वर करून विचारा, यात बायका कुठे आहेत? उत्तर मिळाले नाही तर ते शोधण्याचे काम आपले.