फंगशीचं झाड

चिनी ॲनिमेशन म्हटलं की आता सगळ्यांना 'नेझा' आठवतो. 2019चा पहिला 'नेझा' पाच अब्ज युआनच्या पुढे गेला. 2025मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने तर कमाईत जगातले सगळे ॲनिमेशनपट मागे टाकले. त्याच 2019च्या सप्टेंबरमध्ये, पहिल्या 'नेझा'चा गाजावाजा चालू असताना, 'द लेजंड ऑफ हेइ' नावाचा एक चित्रपट चीनमध्ये लागला. आपल्याकडे त्याचं नाव काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मला मात्र तो 'नेझा'पेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

एमटीजेजे या टोपणनावाने काम करणाऱ्या दिग्दर्शकाने 2011पासून इंटरनेटवर एका काळ्या मांजराची छोटी छोटी कार्टून टाकायला सुरुवात केली. हा चित्रपट त्याच मालिकेची आधीची कथा आहे. चित्रं साधी, सपाट. डोळे गोल, रेषा मोजक्या. पण मारामारी सुरू झाली की त्याच रेषा वाऱ्यासारख्या पळतात.

कथा अशी. श्याओहेइ, म्हणजे 'लहानगा काळ्या', हे जंगलात राहणारं मांजराचं पिल्लू. खरं तर तो एक यक्ष म्हणा, आत्मा म्हणा. मुलाचं रूपही घेतो. एके दिवशी माणसं जंगल तोडतात आणि तो बेघर होऊन शहरात भटकू लागतो. तिथे त्याला फंगशी भेटतो, तोही त्याच्याच जातकुळीतला. तो पिल्लाला आपल्या बेटावर नेतो, जेवू घालतो, हे तुझंच घर आहे म्हणतो. मग वूश्यान येतो. शेकडो वर्षं जगलेला हा माणूस अशा आत्म्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संघटनेसाठी काम करतो. फंगशी निसटतो आणि पिल्लू वूश्यानच्या हाती लागतं.

इथून पुढचा बराचसा चित्रपट म्हणजे या दोघांचा प्रवास. आधी तराफ्यावरून समुद्र, मग रस्ते आणि शहरं. श्याओहेइ पुन्हा पुन्हा पळायचा प्रयत्न करतो आणि पकडला जातो. वूश्यान फारसा बोलत नाही, आणि त्याचा स्वयंपाक तोंडात घालवत नाही. पण तो मुलाला त्याच्या अंगातली शक्ती कशी वापरायची ते शिकवतो. सलोख्यावरचं एकही भाषण न देता वैर हळूहळू कसं विरघळतं, हे इतक्या हसत-खेळत दाखवलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

फंगशीचं जंगल जिथे होतं तिथे आता लोंगयो हे मोठं शहर उभं आहे. त्याला ती जागा परत हवी आहे. त्यासाठी लागणारी दुर्मीळ शक्ती श्याओहेइच्या अंगात आहे. मुलगा कचरतो, तेव्हा फंगशी ती जबरदस्तीने हिसकावून घेतो. मूल मेलं तरी चालेल, या तयारीने.

हा प्रसंग आला तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी, जिला मी सबटायटल वाचून मराठीत सांगत होतो, रागाने म्हणाली, "अब्बा, हा तर चांगला होता ना?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण तोवर मी मनातून फंगशीच्याच बाजूने होतो. काही वर्षांपूर्वी भाड्याने घर शोधताना एका सोसायटीत सगळं ठरलं होतं. मी नाव सांगितलं आणि फ्लॅट अचानक 'आधीच गेलेला' निघाला. ज्या गावात जन्मलो तिथेच परका ठरण्याचा तो राग मला ठाऊक आहे. म्हणून फंगशीचा राग मला खोटा वाटत नाही. चित्रपटही तो खोटा ठरवत नाही. तो एवढंच विचारतो, की तुझ्यावर अन्याय झाला हे खरं, पण त्याची किंमत या पोराने का मोजायची? आपल्या दुःखाचा हिशेब आपल्याच लेकरांकडून वसूल करणारे पुढारी प्रत्येक समाजात असतात. ते सुरुवातीला जेवू घालतात, घर देतो म्हणतात.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. वूश्यानच्या संघटनेला तो फार सहज माफ करतो. लपून राहा, जुळवून घ्या, शांतता बिघडवू नका, हा सल्ला नेहमी ज्याचं घर गेलं त्यालाच का दिला जातो? तोडलेल्या जंगलाचा जाब कुणीच देत नाही. जपानच्या ताकाहाताने 1994च्या 'पॉम पोको'मध्ये हीच जखम जास्त उघडी ठेवली होती.

तरी शेवट विसरता येत नाही. हरलेला फंगशी तिथून हलायला नकार देतो आणि शहराच्या मधोमध एक प्रचंड झाड होऊन उभा राहतो. श्याओहेइ संघटनेच्या सुरक्षित घरात न राहता वूश्यानमागे धावतो आणि त्याला गुरू म्हणून हाक मारतो. एकाला माती मिळते, दुसऱ्याला माणूस.

चित्रपट संपल्यावर मुलीने पुन्हा विचारलं, "फंगशी वाईट होता का?" मी म्हटलं, "त्याचं म्हणणं खरं होतं, त्याने केलं ते वाईट होतं." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग ते झाड कुणी तोडायला नको."